पानामागची पेरणी

ज्या माणसानं माझ्या नेच्यांना कायम नावं ठेवली, त्याच माणसानं मागच्या कार्तिकात एका दुपारी त्या सगळ्यांचं मुंडण केलं. तो माणूस म्हणजे माझे वडील. त्या दुपारी मी त्यांच्यावर जेवढी चिडले तेवढी जन्मात कुणावर चिडले नसेन, आणि पुढच्या दहा मिनिटांत जेवढी सुखावले तेवढीही कधी सुखावले नसेन. पण हे नीट सांगायचं तर आधी नेच्यांचं सांगायला हवं.

नेचे म्हणजे फर्न. वाशीमसारख्या गावात ते पाळणं हा निव्वळ हट्ट आहे. त्यांना सावली हवी, ओल हवी, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात दोन्ही गोष्टी पाहुण्यासारख्या येतात. नळ आठवड्यानं आला तरी गल्लीत आनंदीआनंद. माझी सुरुवात एका कुंडीनं झाली. आमच्या कार्यालयातल्या एक बाई बदली होऊन कोकणात गेल्या आणि जाताना त्यांच्या खिडकीतली कुंडी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "एवढं सांभाळा." मी हट्टाला पेटले. आमच्या घरामागे खोलीची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये दोन-अडीच हातांचा बोळ आहे. तिथं कूलर बसवलेला. त्याचं पाणी दिवसभर खाली ठिबकतं, ऊन पोचत नाही, वर मी ओलं पोतं बांधलं. कोकणातली कुंडी तिथं जगली, नुसती जगली नाही तर माजली.

मग एकीच्या आठ झाल्या. बाईंनी दिलेला लांब लांब पट्ट्यांचा. एक रुंद, चकचकीत पानांचा, मधोमध घरट्यासारखी खोलगट जागा असलेला. एक चांदीचा, म्हणजे वरून साधा हिरवा आणि पानामागे पांढरी भुकटी. मनगटावर दाबला की पानाचा ठसा उमटतो. रिठदला, माझ्या माहेरी, विहिरीच्या दगडांतून खरवडून आणलेला हंसराज, काळ्या तारेसारख्या दांड्यांचा आणि नाजूक पानांचा. आणि तिथल्याच जुन्या दगडी धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, बोटभर उंचीचा मोरपंखी, जो उन्हाळ्यात मेल्याचं सोंग घेतो आणि पाणी मिळालं की पुन्हा पिसारा उघडतो. बाकी तीन कोणत्या जातीचे ते मलाही धड माहीत नाही. आमचे हे म्हणतात, "पाहुणे आले की लोक चहा विचारतात, ही नेचे दाखवते." दाखवते, मग? त्यांच्या मोटारसायकलीपेक्षा तर कमी दाखवते.

बाबा वाशीमला आले की बोळात डोकावायचे आणि ठरलेलं वाक्य टाकायचे. "फूल नाई, फय नाई, बी नाई. कायले पानी घालतं वं माय यायले?"

"तुमी गाईले खाऊ घालता तो अझोला काय हाये मंग?" मी एकदा म्हटलं. "तोबी नेचाच हाये."

"तो गाय खाते," बाबा म्हणाले. "हे कोन खाते?"



बाबांना असं बोलायचा अधिकार होता, कारण रिठदमध्ये पानाची पारख म्हणजे बाबा. सकाळी आमच्या ओट्यावर कुणी ना कुणी खिशातून नाही तर ओल्या फडक्यातून पान काढून उभं असायचं. सोयाबीन, तूर, हरभरा, काहीही. बाबा वरच्या बाजूला कधी बघत नसत. पान हातात आलं की आधी उलटं. "पानाचं खरं पानामांगं," म्हणायचे. मग सांगायचे, ही अळीची अंडी, हा मावा, हे नुसते पाण्याचे डाग, घरी जा आणि निवांत झोप. औषधाच्या दुकानात जाण्याआधी लोक आमच्या ओट्यावर यायचे. मी लहानपणी दप्तर घेऊन त्या गर्दीतून वाट काढत शाळेत जायची आणि मला भारी ऐट वाटायची.

दोन वर्षांपूर्वी मी माहेरी गेले असताना शेजारचे काका सोयाबीनचं पान घेऊन आले. त्यांचा आणि आमचा धुरा एक. बाबांनी पान उलटवलं, पुन्हा उलटवलं, अंगठा फिरवला, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "काई नाई. पान कोरं हाये." ते कोरं नव्हतं. तांबेरा होता, पानामागे तांबडी भुकटी धरणारा रोग. आमच्या भागात तो क्वचित येतो, म्हणून तर दाखवायला आणलं होतं. पुढच्या पंधरवड्यात काकांच्या त्या तुकड्यातली पानं पिवळी पडून गळाली आणि शेंगा चपट्याच राहिल्या. काका एका शब्दानं बोलले नाहीत. रोज राम राम केला, विडीला काडी मागितली, पण सोयाबीनचा विषय काढला नाही. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. बाबा ओट्यावर बसायचे बंद झाले. कुणी पान घेऊन आलं तर आतूनच म्हणायचे, "कृषी सहायकाले दाखोव जा."

आई गेल्यापासून ते तसेही कमी बोलायचे, म्हणून भावाला आणि मला वाटलं, वयच झालं. डोळ्यांची शंका आली तेव्हा मी त्यांना वाशीमला आणून तपासणीला नेलं. बाबांनी तक्त्यावरची अक्षरं खालच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हटली. मी थक्क. पुढे सहा महिन्यांनी कळलं की आपला नंबर येईपर्यंत ते बाकावर डोळे मिटून बसले होते आणि आधीचे चार पेशंट काय वाचतात ते पाठ करत होते. ज्या माणसाला गावातल्या प्रत्येक गाईची आजी माहीत, त्याला आठ-दहा अक्षरं काय जड?

सोंग फुटलं ते वासरामुळे. एका संध्याकाळी बाबांनी शेजारच्या काकांचं वासरू आपलं म्हणून आपल्या गोठ्यात बांधलं, त्याला कुटार टाकलं, पाठीवरून हात फिरवत बसले. आमचं वासरू तिकडे दाव्याला हंबरत होतं. काका आले, गुपचूप आपलं वासरू सोडून घेऊन गेले. याही वेळी एक शब्द नाही. भावानं मला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी मी बाबांना अक्षरशः धरून आणलं.

मोतीबिंदू चांगलाच पिकला होता, दोन्ही डोळ्यांत. आधी उजव्या डोळ्याचं करायचं ठरलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "ऑपरेशन सोपं आहे. पण मोतीबिंदू एवढा दाट आहे की मागचा पडदा नीट दिसत नाही. नजर किती परत येईल हे आज सांगता येणार नाही." बाबा ऐकत होते. घरी आल्यावर म्हणाले, "एकच करू. दुसऱ्याचं नाव काढायचं नाई."

पट्टी निघाली. पहिल्या तपासणीत पुन्हा अक्षरं घडाघडा. डॉक्टर खूश, मी नाही. कारण बाकावर पुन्हा आमच्या आधी तीन पेशंट होते.

त्यानंतरचे अडीच आठवडे माझ्या जिवाला घोर होता. बाबा काळा चष्मा लावून माझ्या घरी बसलेले. दिवसातून चारदा मी थेंब घालायची आणि विचारायची, "दिसते काय?" उत्तर एकच. "दिसते." भिंतीवरचं घड्याळ? "दिसते." किती वाजले? "तुले घाई कायची हाये?" एकदा मी समोर उभी राहून गुपचूप हात वर केला. म्हणाले, "खाली घे हात, बांगड्या वाजून राह्यल्या." आता या माणसाचं काय करावं? त्यांना दिसत नसेल तर ते कधीच सांगणार नाहीत, मरेपर्यंत 'दिसते' म्हणत राहतील, आणि मी मूर्खासारखी विश्वास ठेवीन, ही भीती मला सोडत नव्हती. कार्यालयात माझ्या हातून दोनदा भलत्याच पत्रावर भलताच जावक क्रमांक पडला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आणि मग ती दुपार. मी जेवायला घरी आले. बाबा खोलीत नाहीत. बोळात खुडबूड ऐकू आली. जाऊन बघते तर आठच्या आठ कुंड्या ओळीनं पायरीवर उचलून ठेवलेल्या आणि प्रत्येकीत नुसते पेरभर खुंट. हंसराजसुद्धा. मोरपंखीसुद्धा. भाजी चिरायचा माझा विळा बाबांच्या हातात. काळा चष्मा कपाळावर. कोपऱ्यात युरियाचं रिकामं पोतं, तोंडाशी सुतळीनं आवळलेलं. वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तर बाबांनी न वाकता कुंड्याच वर उचलून घेतल्या होत्या. वजन उचलायचं नाही, हेही सांगितलं होतं.

माझा तोल गेला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, बरंच आहे. माझ्या झाडांनी तुमचं काय घोडं मारलं होतं, हे नक्की म्हणाले. फूल नाही म्हणून जीव घ्यायचा का, हेही. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

बाबांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "वरडू नोको. रोग पडला होता. तांबेरा. आठी कुंड्यायवर. मी सारं तोडून पोत्यात भरलं. आता पोतं पेटोवून देतो, नाई तं हवेनं पसरते. खुंट ठेवले हायेत, फुटतीन. तुही झाडं वाचवली मी, आन तू मलेच शिव्या देऊन राह्यली."

"कुठं होता रोग? दाखवा मले!"

त्यांनी सुतळी सोडली, पोत्यात हात घालून कोकणातल्या कुंडीचा एक लांब पट्टा बाहेर काढला, उलटा केला आणि हातभर लांब धरला. मग नखानं एकेक दाखवत गेले. "हे पाह्य. हे टिपके. तांबडे. खसखशीयेवढे. हा एक, हा एक, हा फुटला हाये, याच्यातून भुकटी निंगून राह्यली."

मला ते टिपके दिसेनात. माझा जवळचा चष्मा पर्समध्ये होता.

मी पायरीवर, दोन कुंड्यांच्या मधे, बसले. "बाबा," मी म्हटलं, "तुमाले हे दिसते?"

"न दिसाले काय झालं? तू आंधयी झाली काय?"

मी रडायला लागले आणि त्याच दमात हसायला लागले. बाबा घाबरले. त्यांना वाटलं, झाडांसाठी रडते आहे. "फुटतीन म्हनलं ना वं माय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्या क्षणी कुणी माझं अख्खं घर विळ्यानं कापून पोत्यात भरलं असतं तरी मला चाललं असतं.

पाणी प्यायले, चष्मा लावला आणि मग त्यांना सांगितलं की तो तांबेरा नव्हे. नेच्यांना फूल नसतं, म्हणून ते पुढची पिढी पानामागे धरतात. ते तांबडे टिपके म्हणजे त्यांचे बीजाणू, बियांच्या जागी धरलेली पिठाहून बारीक भुकटी.

"मले शिकोतं?" बाबा म्हणाले. "पन्नास वर्सं पानं पाह्यली मी." पण हातातला पट्टा त्यांनी पुन्हा वर धरला. बराच वेळ बघितलं. प्रत्येक लहान पानाच्या मधल्या शिरेच्या या अंगाला टिपक्यांची एक ओळ, त्या अंगाला एक, सारख्या अंतरावर. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"रोग असा सरीनं येत नाई," ते म्हणाले. "रोगाले काय तिफन धराची असते? तो पडते तिथं पडते. हे कोनं तरी पेरलं हाये."

मग त्यांनी पोतंच उलटं केलं. सगळी पानं पायरीवर पसरली आणि एकेक जात वेगळी करायला बसले. त्या दिवशी मला माझ्याच नेच्यांची ओळख झाली. मी त्यांना पानांच्या आकारावरून ओळखायची. बाबांनी ती पेरणीवरून लावली. लांब पट्ट्याची पेरणी सरीनं. घरट्यासारख्याच्या रुंद पानामागे तिरप्या रेघा, एकीला लागून एक. "हे नांगराचे तास." हंसराजानं पानाची कड किंचित मुडपून बी त्या घडीखाली लपवलेलं. "यानं धुऱ्यावर पेरलं. हुशार हाये, मधलं वावर मोकयं ठेवलं." चांदीच्या पानामागे पांढऱ्या भुकटीत तांबडं कसंही विखुरलेलं. "हे फोकून देल्लं. आयशी हाये, मेहनत नोको याले." ज्या तीन जातींची नावं मला माहीत नव्हती त्यांचीही त्यांनी वाटणी करून टाकली. मी कार्यालयात फोन करून अर्धा दिवस रजा टाकली.

शेवटी त्यांनी पहिला पट्टा पुन्हा उचलला. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि डाव्या डोळ्यानं, ज्याचं ऑपरेशन झालं नव्हतं, पान बघितलं. जवळ नेलं, लांब नेलं. अंगठा फिरवला. अगदी तसाच, जसा दोन वर्षांपूर्वी ओट्यावर फिरवला होता.

"कोरं," ते म्हणाले.



"या डोयानं पान कोरं दिसते वं." त्यांनी हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. "म्हंजे डोयाच होता. मले वाटलं, माही अक्कल गेली. पान समोर हाये, रोग पानावर हाये, आन मले वयखू येत नाई, म्हंजे पारखच गेली. म्हनून टायत होतो तुह्या डाक्टरले. डोया केला आन तरी पान वाचता नाई आलं, तं मंग कोनाले दोष देऊ?"

दोन वर्षं हा माणूस हे एकटा पोटात घेऊन बसला होता. आम्ही म्हणत होतो, वय झालं. मला स्वतःची लाज वाटली, आणि हलकंही वाटलं, दोन्ही एकदमच. बाबा मात्र नुसते हलके झाले होते. चहा मागितला, साखर जास्त घाल म्हणाले, आणि कप खाली ठेवताना विचारलं, "दुसऱ्याचं कवा करतं?"

पुढच्या तपासणीला ते रुमालात एक पट्टा गुंडाळून घेऊन गेले. तक्ता वाचून झाल्यावर डॉक्टरांपुढे तो धरून त्यांनी एका लहान पानावरचे टिपके मोजून दाखवले. डॉक्टरांनी भिंग घेऊन पडताळले. एकाचाही फरक नाही. मग मी अक्षरं पाठ करण्याचा किस्सा सांगून टाकला, आणि डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. दुसरा डोळा मार्गशीर्षात झाला.

तोवर खुंटांवर कोंब आले होते. नेच्याचा कोंब गोगलगायीसारखा गुंडाळलेला निघतो आणि मग रोज थोडा थोडा उलगडतो. बाबा रोज सकाळी कोणता किती उलगडला ते मला सांगायचे. फूल नाही, फळ नाही, हे मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पौषात मी त्यांना एसटीनं रिठदला सोडायला गेले. पिशवी घरात ठेवली न ठेवली तोच ते बाहेर पडले, शेजारच्या काकांच्या अंगणात. मी मागोमाग. काका बाजेवर बसून दोर वळत होते.

"तुह्या सोयाबीनवर तांबेरा होता," बाबा उभ्याउभ्याच म्हणाले. "मले दिसला नाई. मी कोरं सांगतलं."

काकांनी दोर वळणं थांबवलं नाही. "मालूम हाये, दादा. तुमी पान दोनदा उलटोलं होतं. म्हंजे वरचीच बाजू पाह्यली, आन तुमच्या डोयाले ते उमगलं नाई. मले ते मांगून ध्यानात आलं."

"मंग बोलला काहून नाई?"

"काय बोलू? तीस वर्सं तुमच्या डोयानं माहं वावर पिकलं. एका सालासाठी तुमाले आंधयं म्हनू?" काका म्हणाले आणि उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली तुरीची फांदी होती. "पाह्यटेच तोडून ठेवली. तुमी येनार म्हनून तुमच्या पोरानं सांगतलं होतं."

बाबांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला, फांदी हातात घेतली आणि पान उलटं केलं.